लेटली बाससाठी जुना यामाहा घ्यायचाय: टीएक्स८१झेडचा रॅक की डीएक्स११चा कीबोर्ड?

माझ्याकडे दोन्ही आहेत. लेटली बास हा त्यांचा गाजलेला तयार आवाज; दोन्ही यामाहाचे जुने सिंथेसायझर, एक रॅकमध्ये बसणारी कीज नसलेली पेटी, दुसरा कीबोर्ड. आधी रॅक आला, दोन वर्षांनी कीबोर्ड. त्यामुळे बाससाठी जुना यामाहा शोधणारे ओळखीचे लोक मला एकच प्रश्न विचारतात: दोन्हींतून आवाज तोच येतो का, आणि येत असेल तर मीटरभर लांबीचं धूड घरात का आणायचं?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. आवाज तोच. टीएक्स८१झेड १९८७चा, डीएक्स११ १९८८चा, आणि दोघांच्या पोटात यामाहाची एकच ध्वनिचिप आहे, वायएम२४१४. तिला ओपीझेडही म्हणतात. चार ऑपरेटर (सूर काढणारे किंवा दुसऱ्याच्या सुराला हलवणारे भाग), त्यांच्या जोडणीचे आठ प्रकार, एका वेळी आठ सूर. एखादा विक्रेता ‘डीएक्स११चा बास जास्त भरदार आहे’ असं सांगून किंमत वाढवत असेल, किंवा ‘खरा आवाज रॅकचाच’ म्हणून रॅकची वाढवत असेल, तर ते पैसे देऊ नका. आवाज हा मुद्दा इथे निर्णायक नाहीच. निर्णय तुमच्या हाताचा आहे: बास बोटांनी वाजवणार की संगणकावर टिंब ठेवून लिहिणार, आणि बोटांनी वाजवणार असाल तर घरात आधीपासून कुठला कीबोर्ड आहे.

दुसऱ्या भागाचं उत्तर लांब आहे.

तो आवाज मुळात काय आहे

टीएक्स८१झेडमध्ये कायमचे कोरलेले १२८ आवाज आहेत, ए ते डी अशा चार गटांत बत्तीस-बत्तीस. त्यातला सी१५ म्हणजे लेटली बास. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात हाऊस, टेक्नो आणि पॉपमध्ये हा बास इतका वापरला गेला की नाव माहीत नसलेल्यालाही तो ऐकल्यावर ओळखीचा वाटतो. सुरुवातीला रबर ताणून सोडल्यासारखा ठोसा, मग लगेच किंचित घोगरा, करकरीत देह, आणि खाली भक्कम खर्ज.

एफएम पद्धतीत एक ऑपरेटर ऐकू येणारा सूर काढतो आणि दुसरा त्या सुराला अतिशय वेगाने हलवतो. हलवणं जितकं जोरात, तितका आवाज धारदार. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९६७मध्ये हे शोधलं, यामाहाने त्याचे हक्क घेतले, आणि १९८३च्या डीएक्स७ने ते जगभर नेलं. डीएक्स७मध्ये सहा ऑपरेटर होते, पण सगळे फक्त साइन लहरीचे. टीएक्स८१झेडमध्ये ऑपरेटर चारच, मात्र प्रत्येकाला आठ लहरींपैकी कुठलीही निवडता येते. पहिली साधी साइन. बाकीच्या सात तीच लहर अर्धी कापून, उचलून, दुप्पट वेगात दाबून बनवलेल्या. लेटली बासची करकर या कापलेल्या लहरींतून येते. म्हणूनच तो डीएक्स१०० किंवा डीएक्स२१वर हुबेहूब जमत नाही. त्या यंत्रांकडे साइनखेरीज काही नाही.

उलटी वाट मात्र मोकळी आहे. डीएक्स२१, डीएक्स२७ आणि डीएक्स१०० यांचे आवाज मिडीच्या (वाद्यं एकमेकांशी आणि संगणकाशी जोडण्याच्या पद्धतीच्या) सिसेक्स फाइलने, म्हणजे यंत्राच्या सेटिंगच्या फाइलने, टीएक्स८१झेड आणि डीएक्स११ या दोन्हींत भरता येतात. डीएक्स१००चा सॉलिड बास आवडणाऱ्यांनी वेगळं यंत्र शोधू नये. या दोहोंपैकी काहीही घेतलं तरी तो पदरात पडतो.

बोटाचा जोर

रॅक घेणारे बहुतेक जण इथेच फसतात, म्हणून इथे जरा थांबतो.

साध्या अ‍ॅनालॉग बास सिंथवर की जोरात दाबली तर सहसा आवाज मोठा होतो, फार तर फिल्टर थोडा उघडतो. एफएममध्ये की जोरात दाबली की हलवणारा ऑपरेटर जास्त हलवायला लागतो, म्हणजे आवाजाची जातच बदलते. हळू दाबलं तर गोल, मऊ, जवळजवळ डबल बाससारखा. जोरात दाबलं तर धातूचा ठोका. एकाच ओळीत हे दोन्ही टोकांचे सूर पेरता आले की बास बोलायला लागतो. लेटली बासवर प्रेम करणारे लोक खरं तर याच गोष्टीवर प्रेम करतात, त्यांना हे नेहमी ठाऊक असतंच असं नाही.

आता रॅकला स्वतःच्या कीज नाहीत. तुमचा कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला, फक्त मिडी पाठवणारा कीबोर्ड) १ ते १२७मधला जो आकडा पाठवेल तोच त्याचा जोर. बरेच स्वस्त कंट्रोलर मधल्या पट्ट्यात अडकलेले असतात: बेताने दाबा की दणकून दाबा, आकडा ८० ते ११०च्या आसपासच. असा कंट्रोलर लावून टीएक्स८१झेड वाजवला की तो एकसुरी वाटतो आणि दोष रॅकच्या माथी जातो. माझ्याकडे रॅक आला तेव्हा पहिला महिनाभर मला तो निर्जीव वाटत होता. मग एका मित्राकडचा चांगल्या कीजचा कीबोर्ड जोडून पाहिला आणि तेच सी१५ अचानक जागं झालं.

उपाय दोन आहेत. कंट्रोलरमध्ये व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे बोटाच्या किती जोराला कुठला आकडा जायचा ते, बदलता येत असेल तर आधी तो बदलून पाहा. नसेल तर आवाजाच्या आत शिरून प्रत्येक ऑपरेटरची व्हेलॉसिटी संवेदनक्षमता वाढवा. हा आकडा ० ते ७ असतो. हलवणाऱ्या ऑपरेटरचा एक-दोन पायऱ्यांनी वर नेला आणि ऐकू येणाऱ्याचा तसाच ठेवला, तर आवाजाची पातळी स्थिर राहून फक्त धार कमी-जास्त होते. बाससाठी हेच हवं असतं, कारण मिक्समध्ये खर्जाची पातळी वर-खाली झाली की सगळा डोलारा हलतो.

डीएक्स११ घेतला तर ही जुळवाजुळव करावी लागत नाही. ६१ पूर्ण आकाराच्या कीज, आणि त्याच यंत्राचे आवाज त्याच कीजवर. लावला की वाजतो. ज्याच्याकडे आज एकही बरा कीबोर्ड नाही त्याच्यासाठी हा फार मोठा फायदा आहे. फक्त एक लक्षात असू द्या: या कीज आता पस्तीस वर्षांहून जुन्या आहेत. नव्या असताना जितक्या बोलक्या होत्या तितक्या आजही असतील याची खात्री हाताने तपासल्याशिवाय धरू नका.

आफ्टरटच आणि त्यावरची पळवाट

डीएक्स११ला आफ्टरटच आहे. की दाबून झाल्यावर बोट आणखी रुतवलं की आवाजात बदल होतो. लांब धरलेल्या बास सुरावर हे इतकं सुंदर लागतं की एकदा सवय झाली की सोडवत नाही: खर्जातला सा धरायचा, शांत ठेवायचा, आणि मात्रेच्या शेवटी बोट रुतवून त्याला गुरगुरायला लावायचं.

टीएक्स८१झेड आफ्टरटच ओळखत नाही. कीबोर्ड घेण्याच्या बाजूने बोलणारे हा मुद्दा सर्वांत आधी पुढे करतात, आणि कागदावर तो बरोबरही आहे. पण रॅकला एक मागचं दार आहे. टीएक्स८१झेड ब्रेथ कंट्रोलर (फुंकरीने चालणारं उपकरण) समजतो, म्हणजे मिडीचा कंट्रोल क्रमांक २. तुमचा कंट्रोलर आफ्टरटच पाठवत असेल तर संगणकात किंवा कंट्रोलरच्याच सेटिंगमध्ये ते क्रमांक २वर वळवा. मग आवाजाच्या फंक्शन पानांवर ब्रेथचा ईजी बायस (ब्रेथने ऑपरेटरची पातळी किती हलवायची तो आकडा) वाढवा आणि हलवणाऱ्या ऑपरेटरची ईजी बायस संवेदनक्षमता शून्यावरून वर न्या. बोट रुतवलं की धार वाढते. काम तेच.

कंट्रोलरला आफ्टरटच नसेल, आणि छोट्या पंचवीस कीजच्या कंट्रोलरना बहुधा नसतंच, तर एखादा मोकळा नॉब क्रमांक २ला द्या. बास डाव्या हाताने, नॉब उजव्या हाताने. रेकॉर्डिंगसाठी ही पद्धत मला आफ्टरटचपेक्षाही आवडते, कारण नॉब जिथे सोडाल तिथे थांबतो. मॉड व्हीलवर मात्र हे होत नाही; टीएक्स८१झेडमध्ये मॉड व्हील फक्त कंपनांसाठी आहे, धारेसाठी नाही.

तेव्हा आफ्टरटचमुळे डीएक्स११ घ्यायचा का? मंचावर वाजवत असाल, मध्ये संगणक नको असेल, तर हो. घरी संगणक सतत चालू असेल तर या एका कारणासाठी नको.

रॅकला जे खरंच येत नाही

पिच एन्व्हलप. डीएक्स११मध्ये सुराची उंची आपोआप वरून खाली सरकवण्याची सोय आहे, तीन वेग आणि तीन पातळ्यांची. सुराच्या सुरुवातीला क्षणभर वर उडी मारून खाली आदळणारा बास, म्हणजे किक ड्रमच्या जवळ जाणारा, तिथे दोन मिनिटांत बनतो. टीएक्स८१झेडमधून यामाहाने ही सोय वगळली. तिथे एखादा ऑपरेटर ठराविक वारंवारतेवर बांधून ठोक्याची नक्कल करता येते आणि ती चांगलीही लागते, पण ती नक्कलच.

आवाजांची ने-आण दोन्ही बाजूंनी होते. टीएक्स८१झेडसाठी बनवलेला आवाज डीएक्स११ सरळ वाचतो. डीएक्स११चा आवाज रॅकमध्ये टाकला तर पिच एन्व्हलप आणि आफ्टरटचचा भाग गळून पडतो, बाकी आवाज तसाच राहतो.

एकावर एक आवाज रचण्याची सोय दोन्हींत आहे, आणि ती बाससाठी सोन्यासारखी आहे. परफॉर्मन्स मोडमध्ये एकच आवाज चार वेळा घ्या, प्रत्येकाला दोनच सूर द्या, चौघांचा डीट्यून (सुराच्या उंचीतला बारीक फरक) थोडा थोडा वेगळा ठेवा, आणि सगळे एकाच मिडी चॅनेलवर. ज्याला लोक पातळ डिजिटल म्हणतात ते यंत्र भिंत हलवायला लागतं. खर्ज मधोमध राहावा म्हणून सगळे दोन्ही आऊटपुटवर ठेवा. डावी-उजवीकडे वाटून टाकलात तर हेडफोनमध्ये छान लागेल, मोठ्या स्पीकरवर बास विस्कटेल. आणि आवाजाच्या आतली रिव्हर्ब नावाची सेटिंग शून्य करा. ती खरी रिव्हर्ब नसून सुराच्या शेपटीची युक्ती आहे, बास तिने ढिला पडतो.

तंबोऱ्याशी जुळवून घेणारा बास

आता जरा माझ्या आवडीचा विषय. या दोन्ही यंत्रांत मायक्रोट्यूनिंग आहे. नेहमीच्या समान अंतराच्या सप्तकाशिवाय शुद्ध मेजर, शुद्ध मायनर, पायथागोरस वगैरे तयार पट्ट्या आहेत आणि स्वतःची पट्टी रचायलाही जागा आहे. एका सप्तकाचे ७६८ भाग पडतात, म्हणजे एक पायरी साधारण १.५६ सेंटची (शेजारच्या दोन कीजमधलं अंतर १०० सेंट).

तंबोऱ्याबरोबर किंवा जुळवलेल्या स्वरमंडलाबरोबर बास रेकॉर्ड केलेल्या कुणालाही माहीत असेल की कीबोर्डचा गंधार तिथे खुपतो. तंबोऱ्यातून आपसूक उमटणारा गंधार सा पासून ३८६ सेंटवर असतो, कीबोर्डचा ४००वर. फरक चौदा सेंटचा. नऊ पायऱ्या खाली आणलं की अर्ध्या सेंटच्या आत जुळतं. पंचमाचा फरक दोनच सेंटचा, एका पायरीत काम भागतं. बासमध्ये आपण बहुतेक सा आणि पंचमच धरतो हे खरं, तिथे कान सहसा तक्रार करत नाही. पण एफएमच्या बासमध्ये वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे बारीक सूर) भरपूर असतात, आणि गंधारावर किंवा निषादावर थांबलात तर ते तंबोऱ्याच्या स्वरांशांवर आपटतात. शुद्ध मेजर पट्टी निवडून सा काळी एकवर ठेवला आणि गंधारावर थांबलो, तेव्हा खर्ज आणि तंबोरा एकमेकांत मिसळून गेले. ते ऐकून मी बराच वेळ दुसरं काही वाजवलंच नाही.

या बाबतीत रॅक आणि कीबोर्ड बरोबरीत आहेत. आपल्याकडच्या संगीतासाठी बास सिंथ शोधणाऱ्याने तरीही हा मुद्दा यादीत वर ठेवावा, कारण त्या काळातल्या पुष्कळ बास सिंथना हे जमत नाही.

पडद्यावर चिमट्याने काम

आवाज संपादन दोन्हींवर कष्टाचंच आहे. दोन ओळींचा छोटा पडदा आणि मूठभर बटणं. डीएक्स११वर क्विक एडिटची सोय आहे, त्यामुळे सुराची सुरुवात, शेपूट, धार अशा गोष्टी आत न शिरता बदलता येतात, आणि पॅनेलवर बटणंही जास्त आहेत. टीएक्स८१झेडच्या बारीक बटणांवर चार ऑपरेटरच्या सगळ्या किमती फिरवणं म्हणजे वेळखाऊ काम. संगणकावरचा सिसेक्स एडिटर वापरलात तर हा फरक उरत नाही. मी रॅकवर एकही आवाज थेट बनवलेला नाही, सगळे पडद्यावर बनवून आत पाठवतो.

आणायचा कसा

इथे रॅक स्पष्टपणे जिंकतो.

भारतात या दोहोंपैकी काहीही सहज सापडत नाही. बहुतेकांना परदेशातून मागवावं लागतं, आणि जपानमधल्या जुन्या वाद्यांच्या दुकानांत माल चांगला जपलेला मिळतो. जपानी विक्रेत्यांकडे शोधताना एक गोष्ट माहीत हवी: डीएक्स११ तिथे व्ही२ या नावाने विकला गेला. डीएक्स११ लिहून काही सापडलं नाही म्हणून निराश होऊ नका.

कुरिअर वजन दोन प्रकारे मोजतं आणि जे जास्त येईल ते लावतं. एक काट्यावरचं, दुसरं खोक्याच्या मापावरचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५०००ने भागायचं. रॅकचा खोका ६० बाय ४० बाय १८ धरला तर साडेआठ किलोच्या आसपास. कीबोर्डचा नीट गुंडाळलेला खोका १२० बाय ४५ बाय २५ धरला तर २७ किलो. काट्यावर तो त्याच्या निम्म्याहून कमी भरला तरी भाडं २७चंच. शिवाय आपल्याकडे कस्टम ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. भाडं आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर लागते. म्हणजे महागडं भाडं दोनदा चावतं. मूळ किमती सारख्या असल्या तरी घरात येईपर्यंत कीबोर्ड बराच महाग झालेला असतो.

माझ्या डीएक्स११ची एक की प्रवासात तुटली. विक्रेत्याने फोम वरून-खालून घातला होता, पण कीजच्या पुढच्या कडेला काहीच नव्हतं आणि खोका त्याच अंगावर कुठेतरी आपटला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की कीबोर्ड मागवताना कीजच्या कडेवर जाड पुठ्ठ्याची पट्टी आणि दुहेरी खोका आधी लेखी कबूल करून घ्या. रॅकचं तसं नाही. साडेचार सेंटिमीटर उंचीची पत्र्याची पेटी ती, बबलच्या चार वेढ्यांत सुखरूप येते.

मग विजेचा प्रश्न, आणि हा दोन्हींना सारखाच लागू आहे. ट्रान्सफॉर्मर यंत्राच्या आत असतो आणि तो त्या त्या देशाच्या विजेसाठी बांधलेला: जपानचा १०० व्होल्ट, अमेरिकेचा १२०, युरोपचा २२० ते २४०. मागच्या बाजूचा आकडा वाचल्याशिवाय आपल्या २३०च्या सॉकेटमध्ये वायर घालू नका. शंभर व्होल्टचं यंत्र २३०वर लावलं तर फ्यूज उडाला तर नशीब, नाही तर ट्रान्सफॉर्मरच जळतो. स्टेप-डाऊन घेतानाही जपून. बाजारात सहज मिळतो तो २३०चा ११० करणारा. रात्री लाइनमध्ये २४५ आले तर तो ११७ देईल, आणि शंभरच्या यंत्राला ते बरंच जास्त झालं. खास १०० व्होल्ट देणारा मागा. या यंत्रांना वीज फार थोडी लागते, त्यामुळे छोटासा पुरतो. युरोपातला नग मिळाला तर हा सगळा व्याप वाचतो. त्यासाठी मी थोडे जास्त पैसे द्यायला तयार असतो.

काय झिजतं

पहिली, स्मृती राखणारी बॅटरी. दोन्ही यंत्रांत ती आत बसवलेली आहे आणि एव्हाना एकदा तरी बदललेली असायला हवी. बदलताना थेट डाग देण्याऐवजी नाण्यासारख्या सेलचा होल्डर बसवून घ्या, पुढच्या वेळी घरच्या घरी बदलता येईल. बॅटरी मेली असली तरी घाबरायचं कारण नाही. टीएक्स८१झेडचे ते १२८ आवाज कायमचे कोरलेले असल्याने लेटली बास जागेवर असतो. जातात ते तुमचे ३२ आवाज, परफॉर्मन्स आणि स्वतः रचलेल्या पट्ट्या. ‘मेमरी खराब आहे’ असं सांगून कुणी स्वस्तात देत असेल तर बऱ्याचदा फक्त बॅटरीच मेलेली असते.

रॅकमध्ये याखेरीज झिजण्यासारखं थोडंच आहे: बटणं जोरात दाबावी लागतात, पडदा पुसट होतो, व्हॉल्यूमचा नॉब खरखरतो. कीबोर्डमध्ये हे सगळं आहेच, वर ६१ कीजखालचे रबरी संपर्क, आफ्टरटचची पट्टी, बेंड आणि मॉडची चाकं, सरकपट्ट्या. मुंबई-कोकणाच्या दमटपणात संपर्क काळे पडतात आणि मधलीच एखादी की फक्त पूर्ण जोराने वाजायला लागते, किंवा वाजतच नाही. सफाई कठीण नसते, पण पूर्ण कीबोर्ड उघडावा लागतो आणि हे काम जिवाने करणारा कारागीर प्रत्येक गावात नाही. पावसाळ्यात माझा डीएक्स११ कापडी कव्हरखाली असतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रॅकसाठी मी काही वेगळं करत नाही, तो रोज चालू असतो, ती ऊबच त्याला पुरते.

टीएक्स८१झेडचा एक जुना दोष मात्र सांगायलाच हवा: त्याच्या आऊटपुटमध्ये सळसळ आहे. शांत पियानोसाठी ती त्रास देईल, बासमध्ये ती सहज झाकता येते. यंत्राचा आवाज पूर्ण वर ठेवा, इंटरफेसवर पातळी कमी करा, आणि आठ किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाका. बासचा चावा त्याच्या बराच खाली असतो, काही हरवत नाही.

भावंडांबद्दल थोडक्यात

एफबी-०१ स्वस्त मिळतो, आकाराने अर्ध्या रॅकचा आहे, पण त्यात फक्त साइन लहरी आणि पॅनेलवरून आवाज घडवायची सोय नाही. लेटली बास त्यात बसत नाही. डीएक्स१००च्या कीज बारीक आहेत. २०१५चा रीफेस डीएक्स नवा, हलका आणि हाताळायला छान आहे, पण ओपीझेडच्या त्या आठ लहरी त्यातही नाहीत. याच एका आवाजासाठी निघाला असाल तर ही तिन्ही वळणं टाळा.

कुणी काय घ्यावं

घरी स्टुडिओ असेल, संगणक चालू असेल, बऱ्यापैकी कीजचा कंट्रोलर हाताशी असेल, तर टीएक्स८१झेड. एका खोलीच्या घरात ती मीटरभर जागा कुठून आणायची हा प्रश्नही त्याने सुटतो. लोकल किंवा दुचाकीवरून तालमीला जाणाऱ्यासाठीही रॅकच. मोठ्या पाठपिशवीत तो उभा मावतो आणि कंट्रोलर तालमीच्या जागी असतोच.

ऑर्केस्ट्रात किंवा बँडमध्ये डाव्या हाताने बास आणि उजव्या हाताने बाकी काही वाजवणार असाल, आणि मंचावर संगणक उघडायचा नसेल, तर डीएक्स११. कीबोर्ड दुभागून खाली लेटली बास, वर स्ट्रिंग्ज; एक वायर, एक स्टँड, काम सुरू. ज्याला एफएम मुळापासून शिकायचं आहे आणि ज्याच्याकडे दुसरा कीबोर्ड नाही त्यानेही डीएक्स११च घ्यावा. एकाच यंत्रावर बोट आणि कान दोन्ही लागले की शिकणं लवकर होतं.

अडचण मधल्या लोकांची आहे. घरी स्वस्तातला कंट्रोलर आहे आणि डीएक्स११ जवळच्या शहरात कुणाकडे तरी विकायला आहे. अशा वेळी मी डीएक्स११कडे झुकेन, पण स्वतः जाऊन वाजवून घेता येत असेल तरच. लांबून मागवायचं असेल तर रॅक घ्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या कंट्रोलरवर घालावेत. आफ्टरटच असलेला आणि व्हेलॉसिटी कर्व्ह बदलता येणारा कंट्रोलर उद्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राला चालेल.

डीएक्स११ बघायला गेलात तर हेडफोन सोबत न्या. सगळ्यात खालच्या कीपासून वरपर्यंत प्रत्येक की आधी हळू वाजवा, मग तशीच जोरात. नुसती वाजते का एवढंच बघू नका, हळू आणि जोरात यांतला फरक ऐकू येतो का ते ऐका. एखादी की दोन्ही वेळा एकाच जोराने बोलत असेल तर तिचा एक संपर्क गेलेला आहे. मग एक सूर धरून बोट रुतवा आणि आफ्टरटच वेड्यासारखा जोर न लावता लागतो का पाहा. मॉड व्हील शून्यावर आणल्यावर कंपन पूर्ण थांबायला हवं, बेंड सोडल्यावर सूर नेमका जागी यायला हवा.

रॅक असेल तर विक्रेत्याकडून एक व्हिडिओ मागा: यंत्र बंद करून पुन्हा चालू करताना पडदा दिसायला हवा, सी१५वर जाताना प्रत्येक बटण एका दाबात लागायला हवं, आणि खर्जातला एक सूर हळू, मग तोच जोरात. शेवटी मागच्या बाजूचा व्होल्टेजचा आकडा स्पष्ट दिसेल असा एक फोटो.